एकावर एक आलेख आणि गुंतलेले आंकडे

देवळाली कॅम्प येथील उष्णमान व पाऊस एकाच पानावर दाखवावे, या हेतूनें आम्हीं बारा महिन्यांचे दोन आलेख एकावर एक काढले. वर उष्णमान, खालीं पाऊस. वैशाखाचा ताप ओसरून आषाढसरी कशा येतात, हें एका दृष्टीनें दिसावें. परंतु दोहोंमधील जागा शून्य ठेवतांच घोटाळा झाला. वरच्या उभ्या अक्षाचा शेवटचा आंकडा १० आणि खालच्याचा पहिला ३०० हे एकमेकांवर पडले. आमच्या एका सोबत्यानें तर पाऊस उष्णमानाच्या मापानें वाचला! तेव्हां आमची चूक ध्यानीं आली.

हे आलेख पायथन या संगणकभाषेंत, मॅटप्लॉटलिब या साधनानें काढले होते. जॉन हंटर यांनीं तें २००३ सालीं प्रसिद्ध केलें. शेजारच्या आलेखाचा आंकडा कोठें आहे, याचा विचार तें सांगितल्यावांचून करीत नाहीं. तो काढणारानेंच करावयाचा.

आडव्या अक्षाचा उपाय सोपा. महिने दोहोंस समान, म्हणून ते एकदांच तळाशीं लिहावे. ‘सबप्लॉट्स’ या आज्ञेंत ‘शेअरएक्स’ चालू केलें, कीं वरच्या आलेखाखालील महिन्यांचीं नांवें गळतात.

उभ्या अक्षाचें तसें नाहीं. अंश निराळे, मिलिमीटर निराळे. एका अक्षाचे सर्व आंकडे पुसले तर तो आलेख मुका होईल. म्हणून सांध्यावरील एकच आंकडा काढावा. ‘मॅक्सएनलोकेटर’ यांत ‘प्रून’, म्हणजे छाटणी, ‘अपर’ अशी सांगून तो खालच्या उभ्या अक्षास लावावा. मग ३०० ची खूण तेवढी जाते. बाकीच्या राहतात, व पावसाच्या रेषेस धक्का लागत नाहीं. खुणांमधील अंतर सारखें असल्यामुळें गेलेला आंकडा वाचकास सहज ताडतां येतो.

आलेख अगदीं चिकटून असण्याची गरज नसेल, तर छाटणीहि नको. चित्र मांडतांना ‘लेआउट’ हा ‘कन्स्ट्रेन्ड’ ठेवावा. मग साधन आंकड्यांपुरती जागा स्वतःच मोजून सोडतें. अक्षांचीं नांवें मागेंपुढें झालीं, तर ‘अलाइन वायलेबल्स’ या आज्ञेनें तीं एका ओळींत येतात.

अक्षर बारीक करून गुंता झांकण्याचा मोह आम्हांसहि झाला होता. पण न वाचतां येणारा आंकडा असून नसल्यासारखाच. विद्यार्थिमित्रांनो, आंकडा पुसण्यापूर्वीं एवढेंच विचारा: वाचकास तो दुसऱ्या खुणेवरून कळेल काय? कळत असेल, तरच पुसा.