पहिली नोंद म्हणजे आगमन नव्हे

भिवंडीतल्या अनेक मोमीन विणकर घराण्यांचे मूळ उत्तर प्रदेशात आहे. १८५७च्या उठावानंतर तिकडचे अनेक विणकर इथे येऊन स्थिरावले. अशा घराण्याच्या मूळपुरुषाचा शोध घेताना कोतवाल बुकात (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत) किंवा जुन्या फेरफारात (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत) त्याचे नाव पहिल्यांदा दिसते, तेच त्याच्या आगमनाचे साल मानले जाते. प्रत्यक्षात त्या नोंदीतून एवढेच कळते, की त्या वर्षापर्यंत तो इथे आलेला होता. एसटीत कंडक्टर आपल्यापर्यंत पोहोचला की तिकीट देतो. गाडीत मात्र आपण आधीच चढलेले असतो. नोंदीचेही तसेच आहे.

फेरफारात जमिनीवर हक्क असणाऱ्याचेच नाव येते, आणि हातमागावर पोट असलेल्या विणकराकडे बहुधा जमीन नसे. म्हणून कागदावर नाव नाही, एवढ्यावरून घरात सांगितली जाणारी आगमनाची हकिगत खोटी ठरत नाही. मग तीच पुरावा का मानू नये, असे कोणी विचारेल. हकिगत दिशा अचूक दाखवू शकते, पण सांगता सांगता तिच्यातल्या पिढ्या गळतात आणि निरनिराळ्या काळातली स्थलांतरे एकाच प्रसिद्ध सालाला जोडली जातात. त्यामुळे नोंद आणि हकिगत दोन्ही जवळ ठेवाव्यात, आणि निकाहनामा, खरेदीखत, कब्रस्तानाची वही यांच्या आधारे त्यांच्यातले अंतर कमी करत जावे.