कोंबड्यांची अर्बुदे आणि वंशगुण

एकाच खुराड्यात वाढलेल्या दोन कोंबड्यांना एकाच विषाणूची बाधा व्हावी. एकीची गाठ वाढत जाऊन ती दगावावी आणि दुसरीची गाठ काही आठवड्यांत विरून जावी, हा भेद कशामुळे?

कोंबड्यांतील एक मांसार्बुद विषाणूमुळे होते, हे अमेरिकेतील पेटन राउस यांनी १९११ मध्ये दाखवून दिले. (नोबेल पारितोषिकासाठी मात्र त्यांना १९६६ पर्यंत थांबावे लागले!) त्या गाठीचे भवितव्य पुष्कळ अंशी कोंबडीच्या 'बी' या जनुकसमूहावर अवलंबून असते, असे पुढे आढळून आले. या जनुकांमुळे घडणारे रेणू विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर आणून मांडतात. ते ओळखूनच रक्तातील लसिकापेशी बाधित पेशींचा नाश करतात. तुकडा रेणूच्या खोबणीत बसलाच नाही, तर रक्षकांना शत्रूचा पत्ताच लागत नाही.

कुक्कुटपालकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा तो मारेक रोग. हंगेरीचे पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये त्याचे वर्णन केले. यात पाय व पंख लुळे पडतात, यकृतादी अवयवांत गाठी होतात. 'बी-२१' वंशगुणाच्या कोंबड्या या रोगाला बऱ्याच पुरून उरतात. 'बी-१९' च्या सहज बळी पडतात. 'बी-२१' चा रेणू नाना तऱ्हेचे तुकडे धरू शकतो, हे यामागील एक कारण मानले जाते.

लस पिलांना पहिल्याच दिवशी टोचतात. ती गाठी रोखते, विषाणूचा शिरकाव नव्हे. लस टोचलेली कोंबडीही पिसांच्या कोंड्यातून विषाणू पसरवू शकते. म्हणूनच नवी पिले आणण्यापूर्वी खुराडे झाडून, धुऊन, निर्जंतुक करावे लागते.