गिटार कपाटावर जाऊ नये म्हणून

पहिल्यांदा गिटार घेणाऱ्या दहांपैकी जवळजवळ नऊ जण वर्षभरातच ती सोडून देतात. हा अंदाज फेंडर या अमेरिकी गिटार कंपनीचा. तिचे तेव्हाचे प्रमुख अँडी मूनी यांनी तो जाहीरपणे सांगितला होता. नवशिके टिकावेत म्हणून कंपनीने २०१७ साली घरबसल्या शिकवणारं ‘फेंडर प्ले’ सुरू केलं. रायगडातल्या तळा गावच्या मुलालाही आज मोबाईलवर असे धडे मिळतात. तरी गिटार कपाटावर जाते, कारण धडा मिळणं आणि उमेद टिकणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिला अडसर दुखण्याचा. स्टीलच्या तारा बोटांच्या टोकांत रुततात आणि घट्टे पडेपर्यंत काही आठवडे जातात. त्यात कोकणातला पावसाळा. दमट हवेत तारा गंजतात, लाकूड ओल धरून फुगतं आणि तारा पडद्यांपासून थोड्या वर उचलल्या जातात. मग त्या दाबायला जास्त जोर लागतो, सूर फुटका येतो आणि शिकणाऱ्याला वाटतं, आपल्या बोटांतच काही नाही. दोष बोटांचा नसतो! वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, गिटार पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी आणि सुरुवातीला बारीक तारांचा संच चढवावा.

बारीक तारा लावण्यात कमीपणा नाही. बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीची पत्र्याच्या कारखान्यातल्या अपघातात वयाच्या सतराव्या वर्षी उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तोच हात. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे ‘ब्लॅक सॅबथ’ या रॉक बँडचा गिटारवादक म्हणून जगभर नाव कमावलं.

दुखणं मात्र सरतं. एकटेपण सरत नाही, आणि गिटार सुटण्याचं खरं कारण बहुधा तेच असतं. खोलीचं दार लावून महिनोन् महिने तेच तीन कॉर्ड वाजवायचे, ऐकणारं कुणी नाही, दाद नाही की टोकणं नाही. याउलट कोकणातलं भजनी मंडळ पाहावं. पोरगं पहिल्याच दिवशी टाळ घेऊन बसतं. ठेका चुकला तरी बाकीच्यांच्या टाळांत तो झाकला जातो, बुवा मानेनेच लय दाखवतात. पखवाजावर हात बसायला वर्षं लागतात, पण तोवर कुणी त्याला बाहेर बसवत नाही. शिकणं आणि वाजवणं एकाच वेळी सुरू होतं. गोव्यात मांडो गाताना घुमट, व्हायोलिन आणि गिटार एकत्र येतात, तिथेही गिटार अशीच माणसांच्या घोळक्यात असते.

ऑस्ट्रेलियातले संशोधक गॅरी मॅकफर्सन यांनी १५७ मुलांना वाद्य शिकण्याआधीच विचारलं होतं, ‘तू हे किती वर्षं वाजवशील?’ जी मुलं लांबचा विचार करत होती, ती तेवढाच सराव करूनही इतरांच्या बरीच पुढे गेली. म्हणजे आपण वाजवणारे आहोत, ही ओळख आधी मनात रुजावी लागते. ती रुजायला चार माणसांसमोर बसण्यासारखा दुसरा उपाय नाही.

पुढची पायरी डोळ्यांसमोर असण्याचाही मोठा आधार असतो. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून संगीताला अभ्यासक्रमाची शिस्त लावली. त्याच परंपरेतल्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षांनी गावोगावच्या मुलांना ‘यंदा एवढं’ म्हणायला शिकवलं. गिटार शिकणाऱ्यानेही यंदा गणपतीपर्यंत दोन गाणी, एवढंच ठरवावं. चाकरमानी घरी आलेले असतात, रात्री भजनं रंगतात, अशा वेळी पेटीशेजारी गिटार घेऊन बसायला कुणाची हरकत नसते.

भीती वाटते ती पट्टीची. पेटीवाला ‘काळी चार’ म्हणाला की नवशिका गडबडतो. त्यावर कॅपो नावाचा लहानसा चिमटा पुरतो. तो पहिल्या पडद्यावर लावून ‘जी’ कॉर्डची ओळखीची बोटं ठेवली की काळी चार मिळते, ‘सी’ची ठेवली की काळी एक. गाणं सोप्या कॉर्डचं निवडलं तर चारही बोटांची परीक्षा पाहणारा ‘एफ’ त्या रात्रीपुरता टाळता येतो.