पत आणि कैफियत

बुलढाणा जिल्ह्यात चिखलीहून खामगावकडे निघालेल्या रस्त्यावर अमडापूर लागते. आणि दसरा उलटून सोयाबीनची मळणी सुरू झाली, की या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीत पोत्यांबरोबर एकेका कुटुंबाचा वर्षभराचा हिशेबही चाललेला असतो. बियाण्याची आणि खताची उधारी, मुलीच्या वसतिगृहाची रक्कम, दवाखान्याचे देणे, दिवाळीचा बाजार आणि पाठोपाठ येणारी हरभऱ्याची पेरणी, ही सारी निकड एकाच पंधरवड्यात दाराशी येऊन उभी राहते; आणि तोच पंधरवडा बाजारात सर्वांचा माल एकदम येण्याचा असल्यामुळे भावही नेमका त्याच वेळी उतरलेला असतो. अशा वेळी त्या कुटुंबाच्या वतीने कोणी चार शब्द बोलणारा असावा, अडत्याला थांबवणारा, सावकाराला दूर ठेवणारा आणि कचेरीत कागद पुढे सरकवणारा असावा, ही गरज रोख रकमेच्या गरजेइतकीच तीव्र असते. 'पत' या शब्दाचा अर्थ कर्ज मिळण्याची योग्यता असा आपण करतो खरा. परंतु खेड्यात त्याचा जुना आणि अधिक खोल अर्थ असा, की आपल्या गैरहजेरीतही आपल्याविषयी कोणी तरी चांगला शब्द टाकील. गावच्या सेवा सोसायटीचा, पतसंस्थेचा किंवा सहकारी बँकेचा परिचय करून द्यायचा, तर तो या दुसऱ्या अर्थापासून आरंभ करून द्यावा, असे मला वाटते.

हा शब्द टाकणारा पूर्वी या भागात, म्हणजे वऱ्हाडात, कोणी नव्हता. १८५३ साली निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला, कपाशीचे क्षेत्र वाढले, १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, आणि घाटावरचा कापूस घाटाखालच्या खामगावातून मुंबईमार्गे विलायतेपर्यंत जाऊ लागला. मालाला परदेशाचे गिऱ्हाईक मिळाले. मात्र माल पिकवणाऱ्याला सावकाराच्या चोपडीखेरीज दुसरी पेढी मिळाली नाही. चोपडी सावकाराची, लेखणी त्याची, गहाणखताचा मजकूर त्याचा, आणि कुणब्याची त्या दस्तऐवजावर केवळ अंगठ्याची निशाणी. फिर्याद दाखल झाली की न्यायासनासमोर तो दस्तऐवज बोलत असे आणि अंगठा मुका राहत असे. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली, त्या उद्रेकाचे मूळही याच मुकेपणात होते. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, तो पुणे, नगर, सोलापूर व सातारा या चार जिल्ह्यांपुरता होता. वऱ्हाडच्या वाट्याला तो आला नाही.

वऱ्हाडची कैफियत ऐकून घेणारी व्यवस्था उभी राहिली ती बऱ्याच उशिरा, आणि ती उभी करण्यात पंजाबराव देशमुखांचा पुढाकार होता, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. मध्यप्रांत व वऱ्हाडाचे मंत्री असताना त्यांच्या प्रयत्नाने १९३३ चा कर्जलवाद कायदा आला. धनको व ऋणको यांना लवादापुढे समोरासमोर बसवावे, मुद्दल किती व चढवलेले व्याज किती याची छाननी व्हावी, आणि कुटुंबाच्या ऐपतीस झेपतील असे हप्ते ठरवून तडजोड घडवावी, अशी त्याची कल्पना होती. कर्ज फेडलेच पाहिजे. पण कर्जदाराचे म्हणणे ऐकल्यावाचून त्याची जमीन जाऊ नये, हा न्याय त्यात होता. आज महाराष्ट्रात मुदतीत पीककर्ज फेडणाऱ्या शेतकऱ्याला जी व्याज सवलत मिळते, त्या योजनेला पंजाबरावांचेच नाव आहे.

लवाद झगडा मिटवतो. झगडा उद्भवूच नये यासाठी शेजाऱ्यांनी एकमेकांस जामीन राहावे, हा दुसरा मार्ग जर्मनीत फ्रीड्रिख रायफायझेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ केला होता, आणि तो १९०४ च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्याने हिंदुस्थानात आला. या पद्धतीचे मर्म असे, की कोणाचे शेत कसे आहे, कोणाच्या विहिरीला पाणी आहे, कोणाच्या घरी आजारपण आहे आणि कोणाच्या घरी केवळ आळस आहे, ही माहिती गावाला बाहेरच्या कोणत्याही अंमलदारापेक्षा अधिक असते. पण अर्धशतक लोटले तरी या मार्गाने फारच थोडे चालले. १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीचा अहवाल १९५४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के आणि सावकारांचा सुमारे ७० टक्के असल्याचे उघड झाले. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील ज्या समितीने हा अहवाल दिला, तीत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळही होते. समितीने कर्ज, विक्री आणि साठवण यांची एकत्र मांडणी केली. त्यातूनच १९५६ चा वखारींचा कायदा आणि १९५७ साली महाराष्ट्रातील वखार महामंडळ निघाले. कर्जदात्याच्या हातात वखारीची किल्ली असावी, हा विचार त्या काळी नवा होता.

गावची विविध कार्यकारी सेवा सोसायटी या मांडणीत पहिली पायरी. सभासदाने मागणी करावी, पंच कमिटीने त्याच्या जमिनीप्रमाणे व पिकाप्रमाणे रक्कम ठरवावी, गटसचिवाने त्याच्या कर्जमर्यादेचे क.म. पत्रक तयार करून जिल्हा बँकेकडे धाडावे, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत इकराराची, म्हणजे कर्जाच्या बोजाची, नोंद होऊन रक्कम खात्यात पडावी, असा हा क्रम. पाहणाऱ्याला हा निव्वळ कारकुनी उपचार वाटेल, परंतु क.म. पत्रक म्हणजे प्रत्यक्षात त्या कुटुंबाची शिफारसच असते. गटसचिवाने ओलिताची जमीन कोरडवाहू लिहिली, तर त्या घराला वर्षभर तोकड्या रकमेत भागवावे लागते. वाटणी झालेल्या भावांची नावे वेळीच वेगळी केली नाहीत, तर एकाच्या थकबाकीपायी तिघांची पत बुडते. या खुर्चीवर बसणारा मनुष्य जाणता व प्रामाणिक असणे हे गावाचे केवढे भाग्य असते, हे वऱ्हाडात जन्मलेल्यास सांगावे लागत नाही.

आणि ही पायरी एकदा खचलीही. सभासदांकडून सोसायटीला येणे असलेली रक्कम सोसायटीने बँकेला देणे असलेल्या रकमेपेक्षा कमी पडू लागली, म्हणजे ज्याला सहकार खात्यात 'अनिष्ट तफावत' असे अचूक नाव आहे तो रोग जडला, की सोसायटी आतून पोखरते. आणि पुष्कळ सोसायट्या पोखरल्या, की वरची बँक टिकत नाही. २०१२ च्या मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने बुलढाणा, वर्धा व नागपूर या तिन्ही जिल्हा सहकारी बँकांना नव्या ठेवी स्वीकारण्यास मनाई केली. २०१४ साली केंद्र सरकारने देशातील अशा २३ बँकांच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली, त्यात या तिघींचा समावेश होता. मधल्या काळात ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख गावच्या सोसायटीशी, त्या कुटुंबांना जिथे आपले कोणीही ओळखीचे नाही अशा राष्ट्रीयीकृत बँकांच्या दारात उभे राहावे लागले. रकमेची सोय तिथे कधी झाली, कधी झाली नाही; शब्द टाकणारा मात्र हरवलाच.

त्या पोकळीत ज्यांचे महत्त्व वाढले, त्यांत बुलढाणा अर्बनचे नाव प्रथम घ्यावे लागते. १९८६ साली राधेश्याम चांडक यांनी ७२ सभासद आणि १२,००० रुपये भांडवल एवढ्यावर बुलढाण्यात ही पतसंस्था काढली, आणि आज तिची गणना देशातील सर्वांत मोठ्या पतसंस्थांत होते. तिच्या विस्तारापेक्षा मला तिची गोदामे अधिक महत्त्वाची वाटतात. शेतकऱ्याचा माल गोदामात ठेवून घ्यायचा, त्याची पावती द्यायची आणि त्या पावतीच्या तारणावर कर्ज द्यायचे, हे गोरवाला समितीच्या कल्पनेतले चित्र तिने या जिल्ह्यात नेटाने उतरवले. राज्याच्या कृषी पणन मंडळाचीही १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत चालणारी शेतमाल तारण योजना आहे. तीत सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते.

हिशेब करून पाहू. एका घरी २० क्विंटल सोयाबीन झाले आणि भाव ४,००० रुपये आहे, असे धरले, तर मालाची किंमत ८०,००० आणि तारणावर मिळणारे कर्ज ६०,००० रुपये. एवढ्यात उधारी फिटते, दिवाळी होते, हरभरा पेरला जातो. सहा महिन्यांचे व्याज १,८०० रुपये. या मुदतीत भाव क्विंटलमागे ३०० रुपयांनी जरी चढला, तरी ६,००० रुपये अधिक येतात. त्यापेक्षाही मोलाची गोष्ट अशी, की ज्या दिवशी विकायचे तो दिवस त्या घराने ठरवलेला असतो; चुकारा किती दिवसांत मिळेल हे विचारण्याचा धीर त्याच्या आवाजात आलेला असतो.

मात्र मुदत म्हणजे नफ्याची हमी नव्हे. २०२१ च्या ऑगस्टात सोयाबीन १०,००० रुपयांच्या घरात गेले, आणि त्या आठवणीवर पुढील वर्षी अनेकांनी माल राखून ठेवला. उलट २०२४-२५ साली ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर असतानाही बाजार त्याच्या खालीच रेंगाळला. अशा वर्षी तारणकर्ज देणाऱ्याने शेतकऱ्याला 'आता विका' असे वेळीच आणि स्पष्ट सांगितले पाहिजे. केवळ व्याज चढते म्हणून गप्प बसणारी संस्था सावकाराच्या चोपडीपासून फार लांब आलेली नाही, असेच मी म्हणेन.

कुटुंबाची बाजू मांडण्याचे उरलेले काम जवळजवळ सर्वच कागदांचे आहे, आणि ते कोणाच्या नजरेस पडत नाही. २०२४-२५ पर्यंत गारपीट झाली किंवा शेतात पाणी साचले, तर पीकविम्यासाठी ७२ तासांच्या आत खबर पोचवावी लागे. विजेखाली किंवा सर्पदंशाने घरचा कर्ता गेला, तर दु:खाच्या त्याच दिवसांत पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि वारसांची नोंद जमवावी लागते. २०१७ च्या कर्जमाफीत पती-पत्नींना स्वत: अर्ज भरावे लागले, २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत २ लाखांपर्यंतच्या थकबाकीची यादी बँकेनेच पाठवायची होती आणि शेतकऱ्याने केवळ आधार क्रमांकाची खातरजमा करायची होती. म्हणजे त्या यादीत एक अक्षर चुकले, तर एक घर वगळले जाई. अशा वेळी खातेदाराला निरोप धाडून बोलावणारा, त्याच्याबरोबर तहसील कचेरीपर्यंत जाणारा शाखेतला कर्मचारी, हा माझ्या मते त्या घराचा खरा वकील होय.

आणि आपली बाजू आपणच मांडण्याचा विषय निघाला, की सातारा जिल्ह्यातील म्हसवडची आठवण टाळता येत नाही. चेतना सिन्हा यांनी माणदेशातील स्त्रियांची सहकारी बँक काढण्याचे ठरवले, तेव्हा प्रवर्तक स्त्रिया निरक्षर असल्याचे कारण देऊन रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. त्या स्त्रिया काही महिने अक्षरे गिरवून पुन्हा गेल्या, आणि आमच्याशी व्याजाच्या तोंडी हिशेबाची पैज लावा, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. १८७५ चा मुका अंगठा तेथे बोलू लागला.

एक कठोर गोष्टही लिहिली पाहिजे. कर्जदाराइतकेच ठेवीदारही गावचेच असतात: निवृत्त शिक्षक, मुलीच्या लग्नासाठी साठवणारी आई, रोजची पिग्मी भरणारा पानटपरीवाला. बँकेतील ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. तेव्हा एका कुटुंबाला मुदत वाढवून देताना व्यवस्थापकाच्या डोळ्यांपुढे दुसरे कुटुंब उभे असते, आणि मार्चअखेर व्याजासकट जुने खाते फिरवून 'नवे-जुने' करण्याची सोपी वाट त्याला मोह घालते. जो ती वाट न धरता कर्जदाराच्या ओट्यावर जाऊन बसतो, पीक का बुडाले ते ऐकतो, खऱ्या अडचणीत हप्ते पाडून देतो आणि ऐपत असून टाळणाऱ्याची वसुली निष्ठुरपणे करतो, त्याच्याविषयी मला नितांत आदर आहे.

कर्ज फिटले, की सोसायटी बेबाकीचा दाखला देते. तो घेऊन खातेदार तलाठ्याकडे जातो, फेरफार मंजूर होतो, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांतील बोजा कमी होतो. तो नवा उतारा घरी आला, की घरातली म्हातारी वाचता येत नसले तरी हाती घेऊन पाहते, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ट्रंकेत गोदामाच्या पावतीशेजारी ठेवते. आणि मुलगा कंदील घेऊन हरभऱ्याला पाणी सोडायला निघतो, कारण त्या आठवड्यात वीज रात्रीची असते.