आश्विनातील पाटीपूजन आणि माझगावची इस्राएल शाळा

शारदीय नवरात्रात घरोघरी घट बसतात आणि दसऱ्यास मुले पाटीवर सरस्वती रेखून तिची पूजा करतात. याच दिवसांत महाराष्ट्राच्या मातीत वाढलेला आणखी एक समाज आपले नववर्ष पाळतो. तो म्हणजे कोकणातील बेने इस्राएल, अर्थात मराठी यहुदी. त्यांची कालगणनाही आपल्याप्रमाणेच चांद्रमासांची व अधिक महिन्याची आहे. त्यामुळे अनेक वर्षी त्यांचा ‘नव्याचा सण’ घटस्थापनेच्या आगेमागे येतो. २०२४ साली तर ३ ऑक्टोबरला दोन्ही एकाच दिवशी आले, आणि त्यांच्या कडक उपवासाचा ‘दारफळणीचा सण’ ऐन दसऱ्यास पडला. सणांची ही नावे अस्सल मराठी आहेत. ‘खिरीचा सण’, ‘शिळा सण’ हीही त्यांचीच.

या समाजाच्या परंपरेनुसार अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात जोडपी वाचली. ग्रंथ समुद्रात गेले. उरली ती शनिवारची विश्रांती, एकेश्वराची निष्ठा आणि मोजके प्रार्थनाशब्द. तेल गाळण्याचा धंदा करणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. गावावरूनच दिवेकर, केहिमकर, राजपूरकर अशी आडनावे पडली.

हरवलेले ज्ञान परत आले ते शाळेच्या वाटेने. डॉ. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून दिले. मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले शिकू लागली. परंतु परक्याच्या शाळेत विद्या मिळाली तरी स्वधर्म टिकेल काय, ही चिंता वडीलधाऱ्यांस होतीच. हाइम शमुवेल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत समाजाची स्वतःची शाळा उभी केली. तेथे मराठी आणि हिब्रू अशा दोन्ही भाषांचे शिक्षण मिळू लागले. पुढे बगदादेत जन्मलेले उद्योगपती सर एली कदूरी यांचे नाव तिला मिळाले. दुसऱ्या महायुद्धापूर्वी माझगावच्या त्या शाळेत बसलेल्या मुलांना पूर्वजांची भाषा शिकण्यासाठी मायबोली सोडावी लागली नाही. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांच्यासारख्या विद्वानांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, तेव्हा घरातील बायाबापड्यांनाही त्यांचा अर्थ उमगला.

गोदातीरी, संत जनाबाईंच्या गंगाखेडी कीर्तनसेवा करणाऱ्या आम्हांस याहून विशेष वाटते ती पुढील गोष्ट. १८८० च्या सुमारास मुंबईच्या या समाजाने कीर्तनाचा अंगीकार केला. मूर्ती नाही, अवतारकथा नाही. पण साकी, दिंडी यांच्या चाली आपल्या, निरूपणाची रीत आपली आणि आख्याने अब्राहाम, योसेफ, मोशे यांची! नारदांच्या गादीवर उभे राहताना आम्ही मानतो की, कीर्तनाचे काम पंडितांचे ज्ञान अंगणातल्या श्रोत्यापर्यंत पोहोचविण्याचे होय. ते काम या मंडळींनी निष्ठेने केले.

१९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र झाले आणि पुढील दशकांत समाजाचा मोठा भाग तिकडे गेला. येथे आता थोडी कुटुंबे उरली आहेत. माझगावच्या शाळेत आज इतर धर्मांची मुलेच अधिक शिकतात. महायुद्धापूर्वी तेथे धुळाक्षरे गिरविलेली माणसे आज हयात असली तर नव्वदीच्या घरात असतील. इस्राएलमध्ये मात्र काही वयोवृद्ध स्त्रियांनी ती मराठी कीर्तनपदे कंठात जपली. त्यांच्या नातवंडांची बोली हिब्रू झाली आहे. तेव्हा ग्रंथ परत मिळाले, पण मराठी निसटू लागली, असा हा उलटा फेरा आहे.

वाचकहो, यातून आपणही बोध घ्यावा. आपल्या घरातील आजीला पाठ असलेल्या ओव्या, आरत्या आणि व्रतकथा यांतील किती नातवाच्या मुखी आहेत? दसऱ्यास पाटीपूजन झाल्यावर मुलांस आजीजवळ बसवावे आणि एक तरी पद तिच्या तोंडून ऐकवून पाठ करून घ्यावे. शारदेची पूजा त्यानेच पूर्ण होईल.