सुनेला बोल लावू नका, रक्त तपासा!

बाळ पाच-सहा महिने ठणठणीत असते. मग हातपाय सुजतात, अंग पांढुरके पडते आणि घरात सुनेचा पायगुण निघतो. आम्ही स्पष्ट सांगतो, हा पायगुण नव्हे, सिकलसेल असू शकतो! गर्भातले हिमोग्लोबीन ओसरले की तो उघडा पडतो. विदर्भात आपल्या समाजात व आदिवासी बांधवांत तो बराच आढळतो. हिंगोलीच्या सोयरिकीही तिकडे होतात. वाहक स्वतः धडधाकट दिसतो. आई-बाप दोघे वाहक असल्यास प्रत्येक बाळंतपणात २५ टक्के धोका. त्यात बापाचा वाटा निम्मा. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तेव्हा पत्रिका नको, रक्ताचा अहवाल पाहा. लग्न झाले असल्यास गर्भारपणाच्या सुरुवातीलाच दोघांनी सरकारी दवाखाना गाठावा.