सहा सत्रं आणि वीस आठवडे

अमिरातीतल्या मराठी घरी कमरेचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला कुणीतरी फोनमधला एमआरआयचा रिपोर्ट काढतं. ‘एल-फोर एल-फाइव्हला गॅप आलाय’, ‘नस दबलीय’, ‘डिस्क सरकलीय’ अशी निदानं चहाबरोबर फिरतात. कुणी दुबईच्या कराम्यातला मालिशवाला सुचवतं, कुणी गावच्या हाडवैद्याचा नंबर देतं, आणि यजमान आतल्या खोलीतून आपला कमरेचा पट्टा आणून दाखवतात. दुखणं डिस्कचं, म्हणजे मणक्यांमधल्या गादीचं नसेल, सांध्याचं असेल, ही शंका मात्र सहसा कुणी काढत नाही.

पाठीच्या खालच्या भागात असे सांधे दोन प्रकारचे. प्रत्येक मणका मागच्या बाजूनं शेजारच्या मणक्याशी छोट्या सांध्यांनी जोडलेला असतो. डॉक्टर त्यांना फॅसेट जॉइंट म्हणतात. मागे वाकलं, वळलं, फार वेळ उभं राहिलं की वाढणाऱ्या दुखण्यात यांचा हात असू शकतो. दुसरा सांधा मोठा, आणि जास्त दुर्लक्षित. मणक्यांच्या तळाचं त्रिकोणी हाड कटीच्या दोन हाडांमध्ये पाचरीसारखं ठोकून बसवलेलं असतं. त्याच्या दोन्ही बाजूंचे हे सॅक्रोइलियाक सांधे, दवाखान्याच्या भाषेत एसआय. त्यांची हालचाल जेमतेम दोन-चार अंशांची, पण धडाचा सगळा भार पायांकडे जातो तो यांच्यातूनच. जुनाट कंबरदुखीच्या साधारण १५ ते ३० टक्के रुग्णांत दुखण्याचं मूळ इथं असतं, असा अंदाज सांध्यात बधिर करणारं इंजेक्शन देऊन केलेल्या तपासण्यांवरून बांधला गेला आहे.

शंभर वर्षांपूर्वी हा सांधा चांगलाच गाजलेला होता. बोस्टनच्या गोल्डथ्वेट आणि ऑसगुड यांनी १९०५ साली कटीच्या सांध्यांवर लिहिलं आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं कंबरदुखीत पहिला संशय याच सांध्यावर जाई. मग १९३४ मध्ये त्याच बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी सरकलेली डिस्क नसेवर दाब कसा आणते ते दाखवलं, आणि सगळ्यांचं लक्ष डिस्ककडे वळलं. एमआरआय आल्यावर तर ती डोळ्यांना दिसायलाच लागली. दिसतं ते दुखत असणार, हा समज तेव्हापासूनचा. तो किती फसवा आहे ते २०१५च्या एका मोठ्या आढाव्यात आलं. काहीच दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या चित्रांमध्ये विशीतल्या ३७ टक्क्यांची आणि पन्नाशीतल्या ८० टक्क्यांची डिस्क झिजलेली निघाली. म्हणजे पन्नाशीत ‘गॅप’ नसणं हीच बातमी!

एसआय सांधा ओळखायला यंत्रापेक्षा हात उपयोगी पडतात. जाणकार फिजिओ आधी सांगतो, ‘एका बोटानं दाखवा, नेमकं कुठं?’ पाठीच्या तळाशी दोन खळ्या असतात. बोट पुन्हा पुन्हा त्यातल्या एकीच्या जरा खाली, आतल्या बाजूला टेकलं, की तो कान टवकारतो. मग रुग्णाला टेबलावर झोपवून कटीची हाडं दाबणं, मांडी सरळ उभी धरून खाली रेटणं, एक पाय टेबलाखाली सोडून दुसरा छातीशी घेणं अशा पाच-सहा चाचण्या. न्यूझीलंडचे मार्क लॅस्लेट यांनी दाखवून दिलं की एकटी चाचणी फारसं सांगत नाही. तीन किंवा जास्त चाचण्यांत नेहमीचंच दुखणं उमटलं तर संशयाला आधार मिळतो. याला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि तरी कितीतरी लोक या पाच मिनिटांआधीच एमआरआय काढून बसलेले असतात.

आता ही कंबर अमिरातीत करते काय? शारजात स्वस्त घर आणि दुबईत नोकरी असलेला माणूस अल इत्तिहाद रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ तासभर, कधी दीड तास गाडीत बसलेला असतो. मधले आठ-नऊ तास खुर्चीत. टॅक्सीवाल्यांच्या पाळ्या बारा-बारा तासांच्या. नर्स रुग्ण उचलतात, गोदामातली पोरं खोकी. आणि ज्यांच्या पाठींवर या देशाचे मनोरे उभे राहिले ते बांधकामाचे लोक सोनापूर, अल कूझ, मुसफ्फाच्या कॅम्पांत राहतात. आपल्याकडचं आखाताशी सगळ्यात जुनं नातं कोकणाचं. रत्नागिरी-रायगडातल्या मुसलमान मोहल्ल्यांतून, म्हसळा-श्रीवर्धन-दापोलीकडून दोन-दोन पिढ्या जहाजांवर, तेलाच्या कामांवर, वर्कशॉपांत गेल्या. गावची पक्की घरं सगळ्यांना दिसतात. त्या घरांतले साठीतले, उठताना आधी गुडघ्यावर हात टेकणारे पुरुष आकडेवारीत कुठं येत नाहीत.

उन्हाचा भाग वेगळाच. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर कामाला कायद्यानं बंदी असते, आणि ती योग्यच आहे. पण चार-पाच महिने चालणंही बंद पडतं. एवढ्या उन्हाच्या देशात ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, कारण ऊन टाळूनच जगावं लागतं. ती फार वाढली तर हाडंच दुखतात, तेव्हा एकदा रक्त तपासून घेणं बरं.

उपचारांचं म्हणाल तर आपल्या पिढीची फिजिओथेरपीची कल्पना म्हणजे पडद्यामागचं टेबल: शेक, करंट, वजन लावणं. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर आपली पहिली मार्गदर्शिका काढली. तिनं पट्टे, वजन लावणं, अल्ट्रासाउंड आणि करंटची यंत्रं नेहमीच्या उपचारांत वापरू नका असं सुचवलं. व्यायाम आणि दुखणं समजावून सांगणं यांना पसंती दिली. मालिशीला तिनं नाही म्हटलेलं नाही, त्यामुळे कराम्यातल्या मालिशवाल्यानं निश्चिंत असावं. यजमानांच्या पट्ट्याचं मात्र अवघड आहे.

व्यायाम कशासाठी? दुखऱ्या पाठीतले मणक्यालगतचे खोल स्नायू बारीक होतात, आणि दुखणं थांबलं तरी आपोआप भरून येत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या ज्युली हाइड्स यांनी पहिल्यांदाच कंबर धरलेल्या लोकांवर छोटा प्रयोग केला. ज्यांना हे स्नायू जागे करायचा व्यायाम दिला त्यांच्यातल्या ३० टक्क्यांना वर्षभरात पुन्हा त्रास झाला. नुसती औषधं आणि सल्ला मिळालेल्यांत ८४ टक्क्यांना. माणसं जेमतेम ३९ होती, तेव्हा आकडा जरा जपूनच घ्यावा. पण बरं वाटलं म्हणून व्यायाम सोडायचा नाही, एवढं त्यातून कळतं.

तोलाचा व्यायाम इथं येतो. शरीर तोल सांभाळतं ते डोळे, कानाच्या आतलं यंत्र आणि स्नायू-सांध्यांकडून येणारी खबर यांच्या मदतीनं. कंबरदुखीत ही तिसरी खबर गढूळ होते. बेल्जियममधल्या ल्युव्हन विद्यापीठातल्या कामातून दिसलं की अशी माणसं पाठीच्या खबरीवर भरवसा ठेवत नाहीत, सगळा तोल घोट्यांतून सांभाळतात. कंबर ताठ धरून, श्वास रोखून. चांगल्या दवाखान्यात याची उलट शिकवणी चालते. रुग्ण भिंतीपासून हातभर अंतरावर उभा, पायाखाली जाड मऊ फोम. आधी दोन पाय, डोळे उघडे. मग डोळे मिटून. मग टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला लावून. मग एक पाय. फिजिओचं बोट कटीच्या हाडावर असतं. उचललेल्या पायाकडची कंबर खाली झुकली की तो हळूच टोकतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला घोट्याची थरथर कमी होते आणि माणूस श्वास घ्यायला लागतो. मग त्याच अवस्थेत हातात चेंडू देतात, नाहीतर बोलायला लावतात, कारण रस्त्यावर तोल जातो तो बोलतानाच.

हे ऐकून लंगडी आठवली नाही तर आपण मराठी कसले! मंगळागौरीच्या फुगड्या, झिम्मा, पिंगा, सगळ्यांत तोल जाता जाता सावरण्याचंच काम आहे. दुबई-अबुधाबीतल्या मराठी बायका श्रावणात हॉल घेऊन ते खेळ खेळतात. पण वर्षातून एकदा, नऊवारीत, सरावाशिवाय घातलेली फुगडी म्हणजे एसआय सांध्याला आमंत्रण. खेळायचं असेल तर जूनपासून तयारी करावी, हे जरा स्पष्टच सांगतो.

तोलाच्या व्यायामाचा उदोउदोही करू नये. बाकीच्या नेटक्या व्यायामांपेक्षा तो फार सरस आहे असं प्रयोगांतून ठाम निघत नाही. पोटाचे, नितंबाचे, पाठीचे स्नायू कमावणं, चालणं, पुण्याच्या अय्यंगारांनी भिंत, दोर आणि खुर्चीचा आधार देऊन शिकवलेली आसनं, सगळ्यांनी फायदा होतो. अय्यंगार पद्धतीवर तर अमेरिकेत २००५ आणि २००९ मध्ये रीतसर चाचण्या होऊन कंबरदुखीत सुधारणा दिसली. ऑस्ट्रेलियातल्या ७०१ लोकांवरच्या २०२४च्या चाचणीत फिजिओच्या सल्ल्यानं हळूहळू वाढवत नेलेल्या चालण्यानं दुखणं परतायचा मधला काळ ११२ दिवसांवरून २०८ दिवसांवर गेला. दुबईच्या उन्हाळ्यात याला मॉलचा गारवा उपयोगी. सकाळी दुकानं उघडण्याआधी तिथं फेऱ्या मारणारे आपले आजी-आजोबा नेमकं हेच करत असतात.

एसआय सांध्याचं दुखणं सगळ्यात जास्त छळतं ते गरोदर आणि बाळंत बायकांना; गरोदरपणात साधारण पाचातल्या एकीला कटीचं दुखणं होतं. नॉर्वेच्या ब्रिट स्टुगे यांनी २००४ साली बाळंतपणानंतर असं दुखणं उरलेल्या ८१ बायकांवर चाचणी केली. प्रत्येकीला तिच्यापुरते बेतलेले, कटी स्थिर करणारे व्यायाम वीस आठवडे दिले. फरक मोठा होता आणि दोन वर्षांनीही टिकून होता. अमिरातीत खासगी नोकरीत बाळंतपणाची रजा ६० दिवसांची, त्यातले ४५ पूर्ण पगारी. वीस आठवड्यांचे दिवस होतात १४०. आई व्हिजिट व्हिसावर येते, डिंकाचे लाडू आणते, तेल लावते, शेक देते, आणि तिचा व्हिसा संपतो त्याच सुमाराला मुलीची रजा. मग एका कडेवर बाळ, दुसऱ्या खांद्यावर लॅपटॉप.

विम्याचाही हिशेब असाच. दुबईत २०१३च्या कायद्यानं आरोग्य विमा सक्तीचा झाला, ही मोठी गोष्ट आहे. पण कमी पगाराच्या लोकांसाठीच्या मूलभूत योजनेत फिजिओथेरपीची वर्षाला सहा सत्रं बसतात, तीही आधी मंजुरी घेऊन. सहा सत्रांत नीट शिकवता येतं, यात शंका नाही. मात्र ती सहाच्या सहा शेक-करंटवर गेली तर माणूस रिकाम्या हातानं परततो. मला विचाराल तर अमिरातीत यंत्रं भरपूर आहेत, फिजिओही उत्तम आहेत. तुटवडा आहे वेळेचा, आणि तो सगळ्यात जास्त त्यांनाच जाणवतो ज्यांच्या पाठीवर सगळ्यात जास्त वजन आहे.

माणसांची कमतरता खरंच नाही. अजमानचं गल्फ मेडिकल विद्यापीठ आणि शारजा विद्यापीठ फिजिओ घडवतात. जागतिक फिजिओथेरपी परिषद २०२३ मध्ये दुबईतच भरली. आपल्याकडून नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची साडेचार वर्षांची पदवी घेतलेली मुलं-मुली येतात, कागदांची पडताळणी आणि परवान्याची परीक्षा पार करून इथं उभी राहतात. या विद्येचं भारतातलं पहिलं विद्यालय मुंबईच्या केईएममध्ये १९५३ साली सुरू झालं, ते पोलिओच्या साथींनंतर. पोलिओच्या मुलांना महिनोन्महिने तेच ते व्यायाम करवणारी ती पहिली पिढी होती. यंत्रं थोडी, चिकाटी फार.

एक इशारा मात्र द्यायला हवा. चाळिशीच्या आतल्या माणसाची कंबर पहाटे अर्ध्या तासाहून जास्त आखडत असेल, विश्रांतीनं वाढत आणि हालचालीनं कमी होत असेल, तर तो सांध्याचा दाहक आजार असू शकतो. तिथं संधिवाततज्ज्ञच हवा. लघवी-शौचाचा ताबा सुटणं, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद जाणं, ताप, कारण नसताना वजन घटणं यांपैकी काहीही दिसलं तर व्यायाम, मालिश, हाडवैद्य सगळं बाजूला ठेवून थेट इस्पितळ गाठावं.

बाकीच्यांसाठी काय करता येईल? बांधकामाच्या साइटवर रोज सकाळी सुरक्षेच्या सूचना देतात, सगळे हेल्मेट घालून रांगेत उभे असतात. त्यातली पाच मिनिटं तीन व्यायामांना देता येतील: एका पायावर आलटून पालटून उभं राहणं, कमरेतून न वाकता नितंब मागे नेत वाकणं, आणि मागे हात टेकून हलकं ताणणं. मराठी मंडळं आरोग्य शिबिरं भरवतात तेव्हा साखर आणि रक्तदाबाची टेबलं असतातच. त्यांच्या शेजारी तिसरं टेबल फिजिओचं ठेवावं. आपल्यातलेच दोन-चार फिजिओ शुक्रवारी दुपारनंतर सोनापूरला यायला तयार होतील, त्यांच्याकडे फोमचे दोन तुकडे आणि मराठी-हिंदीत छापलेला एक कागद असला की पुरे. कागदावर व्यायामाच्या चित्रांखाली विम्यातली सहा सत्रं कशी मागायची आणि पहिल्या सत्रात फिजिओला काय विचारायचं तेही लिहावं: ‘शेक राहू द्या, घरी काय करू ते शिकवा.’